स्विफ्टला ऑल-व्हील ड्राइव्ह करता येईल का? भंगारातले पार्ट, थोडं गणित आणि एक आरसी

हा आपल्या भागाचा लिखित अवतार. बोलताना झालेली पाल्हाळ कापली आहे, दोन ठिकाणी आकडे चुकीचे बोललो होतो ते इथे सुधारले आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषय थोडा वेडसर आहे. माझा एक मित्र आहे, डोंबिवलीचा. त्याच्या बाबांची २००७ ची स्विफ्ट, पेट्रोल, १.३ लिटर. घरातली पहिली गाडी. काकांनी ती अजून अशी ठेवलीय की दार लावताना आपणच जरा हळू लावतो. त्यांचं गाव मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला. कल्याणहून माळशेजकडे जाणारा हायवे सोडला की गावापर्यंत डांबर, आणि गावातून घरापर्यंत शेवटचा तीनशे मीटरचा कच्चा चढ. लाल माती. जून ते सप्टेंबर तिथे स्विफ्ट चढत नाही. पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, चिखल उडतो, क्लच जळल्याचा वास येतो आणि गाडी खाली सोडून सामान डोक्यावर घेऊन जावं लागतं.

तर शीळफाट्याला चहा पिताना हा मला म्हणाला, "अरे, अपघातात गेलेल्या एका डस्टरचं मागचं अख्खं सामान मिळतंय. डिफरेंशियल, कपलिंग, प्रॉपेलर शाफ्ट, सगळं. स्विफ्टला ऑल-व्हील ड्राइव्ह करूया का?"

मी सॉफ्टवेअरवाला. मला कोणी "करूया का" विचारलं की मी आधी "हो" म्हणतो आणि मग डॉक्युमेंटेशन वाचतो. हा भाग म्हणजे ते वाचून, दोन मेकॅनिकना आणि एका लेथवाल्या मामांना त्रास देऊन जे कळलं त्याचा हिशेब.

आधी चढाचा हिशेब

गाडी चढते ती इंजिनमुळे नाही, टायर आणि मातीच्या पकडीमुळे. इंजिनात ताकद भरपूर असते. स्विफ्टचं ते इंजिन ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह मिळून तो साधारण १४ पट होतो, म्हणजे चाकांपाशी सुमारे १,६०० न्यूटन-मीटर. चिखलात हा सगळा जमिनीला लागत नाही.

आता समजा चढ २० टक्क्यांचा आहे, म्हणजे १०० मीटर आडवं गेलं की २० मीटर वर. मित्राचा चढ साधारण तेवढाच. अशा चढावर सरकायला गाडीच्या वजनाच्या जवळपास एक पंचमांश इतका जोर जमिनीला लागायला हवा. चारही चाकं ओढत असतील तर पकडीचा गुणांक, म्हणजे आपण बारावीत शिकलो तो म्यू, ०.२ असला तरी काम झालं. पण फक्त पुढची चाकं ओढत असतील तर प्रश्न असा की पुढच्या चाकांवर वजन आहे किती?

सपाटीवर, एकट्या ड्रायव्हरसह, छोट्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचं साधारण ६२ टक्के वजन पुढे असतं. मागे तीन माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं ठेवलं की ते ५० टक्क्यांवर येतं. वर चढ लागला की आणखी साडेचार टक्के मागे सरकतं. म्हणजे भरलेल्या गाडीत पुढच्या चाकांवर उरतं ४५ टक्के. आता लागणारा म्यू किती? ०.२ भागिले ०.४५, म्हणजे ०.४४. ओल्या लाल मातीत झिजलेल्या टायरला एवढी पकड मिळत नाही. संपला विषय.

पण हाच हिशेब उलटा करून बघा. माणसं उतरवली, एकटा ड्रायव्हर : ०.३५. माणसं उतरवली आणि गाडी रिव्हर्समध्ये चढवली, म्हणजे इंजिन उताराच्या बाजूला आणि वजन ओढणाऱ्या चाकांवर : ०.३०. ऑल-व्हील ड्राइव्ह : ०.२०.

म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह खरोखर चांगलं आहे, ह्यात वाद नाही. पण ०.४४ पासून ०.२० पर्यंतच्या वाटेतला अर्ध्याहून जास्त रस्ता फुकटात कापता येतो. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मागच्या चाकांना ताकद न्यायची म्हणजे काय करायचं

स्विफ्टमध्ये इंजिन आडवं बसवलेलं असतं. गिअरबॉक्स त्याला बाजूला चिकटलेला, आणि पुढचा डिफरेंशियल त्या गिअरबॉक्सच्या पोटातच. तिथून दोन ड्राइव्ह शाफ्ट दोन पुढच्या चाकांना जातात. मागची चाकं नुसती मागोमाग फिरतात. त्यांच्यामध्ये एक टॉर्शन बीम आहे आणि त्यावर हब. त्या हबमधून शाफ्ट जायला भोकसुद्धा नसतं.

ऑल-व्हील ड्राइव्हसाठी तीन ठिकाणी काम लागतं.

पहिलं, पुढे. पुढच्या डिफरेंशियलमधून ताकद काढून ती ९० अंशात वळवून मागे पाठवणारा डबा लागतो. त्याला ट्रान्सफर म्हणा, पॉवर टेक-ऑफ म्हणा. डस्टरचा डबा डस्टरच्या गिअरबॉक्सला बसतो. त्याचे बोल्ट, त्याची आतली दातेरी नळी, सगळं त्या गिअरबॉक्ससाठी कापलेलं. स्विफ्टच्या गिअरबॉक्सला तो लागत नाही. मधे अॅडॉप्टर बनवता येतो का? लेथवाले मामा म्हणाले, "बनवायला काय, काहीही बनवतो. टिकेल का ते विचारू नकोस." कारण तो अॅडॉप्टर गिअर ऑइलमध्ये बुडालेला, शंभरावा भाग मिलिमीटर इतक्या अचूकतेने मध्यावर बसवलेला आणि हजारो वेळा झटके खाणारा हवा.

मग डस्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्सच टाकायचा का? ते डिझेल इंजिन जड, वायरिंग वेगळं, आणि इंधनाचा प्रकार बदलला की कागदपत्रांचं वेगळंच प्रकरण. ह्या पिढीची फोर-व्हील-ड्राइव्ह स्विफ्ट जपानमध्ये खरोखर विकली जायची. तिचा गिअरबॉक्स हे योग्य उत्तर. पण ती गाडी इथे आलीच नाही, त्यामुळे कुर्ल्याच्या भंगार बाजारात कितीही फिरलात तरी ती कापलेली मिळणार नाही.

"मग जिप्सीचा ट्रान्सफर केस?" हा प्रश्न प्रत्येक गॅरेजमध्ये येतो, कारण जिप्सी मारुतीचीच, आणि १९८५ पासून तीसेक वर्षं विकली गेल्यामुळे तिचे पार्ट मिळतात. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटा असतो, मधे एक छोटा शाफ्ट. दिसायला एकदम सोयीचं. पण जिप्सीचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं. ताकद सरळ मागे येते. आडव्या इंजिनाच्या गाडीत तो ट्रान्सफर केस जोडायला मुळात मागे येणारा शाफ्टच नाही. दोन्ही गाड्यांवर एकाच कंपनीचा बिल्ला आहे, एवढंच साम्य.

दुसरं, मधे. प्रॉपेलर शाफ्ट. त्यासाठी गाडीच्या पोटाखाली जागा लागते. तिथून आधीच सायलेन्सरचा पाइप जातो, आणि मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आहे. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांमध्ये म्हणूनच बऱ्याचदा टाकीला मधे खोबण असते, घोड्याच्या खोगिरासारखी. साध्या टाकीखालून शाफ्ट नेला तर तो दगडाला लागेल, आणि शाफ्टचा क्रॉस तुटून फटका बसला तर तो पेट्रोलच्या टाकीला बसेल. इथे मी पहिल्यांदा गप्प झालो.

तिसरं, मागे. टॉर्शन बीम जिथे आहे तिथेच डिफरेंशियल बसायला हवा. म्हणजे बीम काढायचा, डस्टरचा मागचा सबफ्रेम आणि इंडिपेंडंट सस्पेन्शन आणायचं, आणि ते स्विफ्टच्या बॉडीला जोडायचं. स्विफ्टला चॅसिस नाही, मोनोकॉक आहे. बॉडी हीच चॅसिस. सस्पेन्शनचे धक्के जिथे बॉडीत शिरतात तिथे कंपनीने आत जाड पत्रे दिलेले असतात. नवीन जागी माउंटिंग वेल्ड केलं तर तिथे ते जाड पत्रे नसतात. काही महिन्यांत वेल्डच्या कडेने चीर जाते, आणि चीर गेली हे गाडी वळणावर असताना कळतं.

रेशो चुकला की गाडी स्वतःशीच भांडते

हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण इथे एक साधा गुणाकार अख्खा प्रोजेक्ट पाडू शकतो.

पुढचा ट्रान्सफर ताकद काढतो तेव्हा शाफ्टचा वेग वाढवतो. समजा २.५ पट. चाक एकदा फिरलं की प्रॉपेलर शाफ्ट अडीच वेळा फिरतो. का? वेग वाढला की टॉर्क तितकाच कमी होतो. सगळा टॉर्क मागे पाठवायची वेळ आली तरी १,६०० ऐवजी ६४० न्यूटन-मीटरच शाफ्टमधून जातो, म्हणून शाफ्ट बारीक आणि हलका ठेवता येतो. मग मागचा डिफरेंशियल तो वेग पुन्हा २.५ ने कमी करतो. अडीच पट वर, अडीच पट खाली, हिशेब बरोबर.

आता मागे दुसऱ्या कुठल्या गाडीचा, समजा ३.७ रेशोचा डिफरेंशियल लावला. पुढचं चाक एकदा फिरतं तेव्हा मागच्याला फिरायला सांगितलं जातं २.५ भागिले ३.७, म्हणजे ०.६८ वेळा. पण रस्ता तर दोघांखालून सारखाच जातोय! मग एक तर टायर घसटतील, नाहीतर कपलिंग तापेल, नाहीतर क्राउन-पिनियनचे दात जातील. भंगारात पार्ट घेताना लोक "बसतं का" एवढंच बघतात. आधी दोन्हीकडचे दात मोजायला हवेत.

रेशो तंतोतंत जुळला तरी फरक उरतोच. टायरचंच बघा. ह्या स्विफ्टचा टायर १६५/८० आर१४, त्रिज्या साधारण ३१० मिलिमीटर. पुढे नवीन आणि मागे ५ मिलिमीटर झिजलेला टायर असला तर त्रिज्येत १.६ टक्के फरक. म्हणून ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला टायर जोडीने नाही, चारही एकदम बदलावे लागतात. खिशाला हा खर्च कायमचा.

आणि वळण. स्विफ्टची टर्निंग रेडियस ४.७ मीटर, व्हीलबेस २.३९ मीटर. स्टिअरिंग पूर्ण वळवून एक चक्कर मारली तर बाहेरचं पुढचं चाक २९.५ मीटर जातं आणि त्याच बाजूचं मागचं चाक २५.४ मीटर. पायथागोरस लावा, येतं. एका चकरेत चार मीटरचा फरक! पुढचा आणि मागचा एक्सल घट्ट जोडलेले असतील तर हे चार मीटर कुठेतरी घसटून वसूल होतात. चिखलात चालतं, माती सरकते. ठाण्यातल्या मॉलच्या पार्किंगमध्ये, कोरड्या काँक्रीटवर, गाडी उचक्या देते. म्हणून जिप्सीसारख्या गाडीत फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर लावायचं नसतं.

ह्यावर उपाय म्हणजे मधे काहीतरी सैल ठेवणं. एक प्रकार व्हिस्कस कपलिंगचा : जाड सिलिकॉन द्रवात अनेक चकत्या, पुढच्या-मागच्या वेगात फरक पडला की द्रव त्यांना एकमेकांसोबत ओढतो. वायर नाही, कॉम्प्युटर नाही. १९८६ च्या फोक्सवॅगन गोल्फ सिंक्रोमध्ये हेच होतं. दुसरा प्रकार डस्टरचा : इलेक्ट्रोमॅग्नेट करंट मिळाला की क्लचच्या चकत्या दाबतो. २०१४ मध्ये भारतात आलेल्या ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टरला ह्यासाठी टूडब्ल्यूडी, ऑटो आणि लॉक असा गोल खटका होता.

शाफ्टचा थरथराट

ताशी ८० किलोमीटरला स्विफ्टचं चाक मिनिटाला साधारण ६८५ फेरे घेतं. अडीच पट म्हणजे शाफ्ट १,७००. ताशी १२० ला साधारण २,५७०. एवढ्या वेगात लांब शाफ्ट मधोमध वाकायला बघतो, म्हणून तो दोन तुकड्यांत करून मधे बेअरिंगने टांगतात. डस्टरचा शाफ्ट स्विफ्टला लांब पडतो. तो कापून परत वेल्ड केला की बॅलन्सिंग मशीनवर चढवावाच लागतो. वागळे इस्टेटमध्ये, डोंबिवली एमआयडीसीत लेथ आणि वेल्डिंगची कामं उत्तम होतात, पण "डोळ्याने सरळ दिसतोय" हे बॅलन्सिंग नव्हे.

शिवाय क्रॉसची गंमत. एक क्रॉस १० अंशात वाकून फिरत असेल तर इकडचा वेग स्थिर असला तरी तिकडचा प्रत्येक फेऱ्यात दीड टक्का वर-खाली होतो. दोन क्रॉस एकमेकांना जुळवून, दोन्हीकडे सारखा कोन ठेवून लावले की हा चढउतार एकमेकांत विरतो. शाफ्ट कापून जोडताना दुसरा क्रॉस थोडा फिरवून वेल्ड झाला तर विरण्याऐवजी वाढतो. गाडी ६० च्या पुढे गुरगुरते, आणि माणूस टायर बॅलन्स करत बसतो.

मग माझ्या वाट्याचं काम : सॉफ्टवेअर

मित्राचा हिशेब असा होता की यांत्रिक बाजू मिस्त्री बघतील, कपलिंगचा कंट्रोलर मी लिहीन. छोटा मायक्रोकंट्रोलर, एक ड्रायव्हर सर्किट, करंट कमी-जास्त करायचा, झालं. डस्टरचा स्वतःचा कंट्रोलर वापरता येत नाही, कारण त्याला चारही चाकांचा वेग, अॅक्सिलरेटर, ब्रेक हे सगळं डस्टरच्या इतर कॉम्प्युटरकडून त्यांच्या भाषेत ऐकायचं असतं. मित्राच्या स्विफ्टच्या व्हेरिएंटला एबीएस नाही. म्हणजे चाकांवर वेग मोजणारे सेन्सरच नाहीत. ते चार आधी बसवायचे.

मी उत्साहाने लिहायला बसलो. चाळीस ओळींत "पुढची चाकं जास्त फिरतायत, मागे ताकद दे" एवढं झालंसुद्धा. मग प्रश्न पडला : ब्रेक दाबल्यावर काय?

एबीएस नसलेल्या गाडीत ब्रेकची विभागणी मुद्दाम अशी केलेली असते की जोरात दाबलं तर आधी पुढची चाकं लॉक व्हावीत आणि मागची फिरत राहावीत. मागची चाकं फिरत असतात तोवर गाडीचं बूड मागेच राहतं. आता माझं कपलिंग त्या क्षणी लॉक असेल तर पुढची चाकं थांबली की ती शाफ्टमधून मागच्यांनाही थांबवणार. चारही चाकं लॉक, आणि ओल्या घाटात गाडी कुठल्याही दिशेला. म्हणजे ब्रेकच्या दिव्याचा स्विच लागला की काही मिलिसेकंदांत कपलिंग सुटलंच पाहिजे. स्विच खराब असेल तर? वायर तुटली तर? पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये गेलं तर? कोड अडकला तर करंट बंद होईल अशी रचना करता येते, पण वळणावर अचानक करंट बंद होणं हाही धक्काच.

ऑफिसात आमचं काही बिघडलं की आम्ही रोलबॅक करतो. घाटात रोलबॅक म्हणजे गाडी मागे घरंगळणं. त्या रात्री मी लॅपटॉप बंद केला. कोड चालेल का ह्याची भीती नव्हती. शंभर वेळा चालेल आणि एकशे एकाव्या वेळी काका गाडीत असतील, ह्याची होती.

पण जगात लोकांनी केलंय ना?

केलंय, आणि सुंदर केलंय. १९८३ ची फियाट पांडा ४x४ बघा. आडव्या इंजिनाच्या छोट्या गाडीत फोर-व्हील ड्राइव्ह देणारी ती पहिली मानली जाते. पण त्या ड्राइव्हचं काम ऑस्ट्रियातल्या श्टायर-पुख कंपनीने केलं होतं, आणि मागे सरळ जिवंत एक्सल आणि पाटे होते. म्हणजे एवढ्याशा गाडीसाठी सुद्धा डोंगरी गाड्या बनवणाऱ्या कंपनीला बोलवावं लागलं.

दुसरं उदाहरण आपल्या माणसाचं. गौरव गिलने एमआरएफच्या संघाकडून २०१३ साली आशिया-पॅसिफिक रॅली स्पर्धा जिंकली ती स्कोडा फाबिया एस२००० मध्ये, आणि २०१६, २०१७ ला फाबिया आर५ मध्ये. फाबिया म्हणजे आपल्या रस्त्यावर दिसलेली फ्रंट-व्हील-ड्राइव्ह हॅचबॅकच. पण रॅलीच्या गाडीत बॉडी सोडली तर जवळपास सगळं नवं असतं : गिअरबॉक्स, सस्पेन्शन, टाकी, आत रोल केज. ती बघून "आपल्या फाबियाला पण होईल" म्हणणं म्हणजे खो-खो चांगला खेळतो म्हणून ऑलिंपिकचं तिकीट काढणं.

आणि आता आरसी

समजा हे सगळं जमलं. तरी एक दरवाजा उरतो, तो आरटीओचा. कल्याणची एमएच-०५, ठाण्याची एमएच-०४, नियम एकच.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही ज्याने नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं : परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द पुन्हा वाचा, आणि वर आपण किती बदल मोजले ते आठवा.

"पण सीएनजी किट तर लावतात!" लावतात, कारण त्या किटला मान्यता असते आणि ती आरसीवर चढते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था अशा किटची तपासणी करतात. भंगारातल्या एका सबफ्रेमला आणि मी लिहिलेल्या चाळीस ओळींना कोण मान्यता देणार?

खरा घाव मात्र दंडाचा नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग तपासणी करून दर वेळी ५ वर्षांनी वाढते. काकांची गाडी २००७ ची. २०२२ मध्ये एकदा नूतनीकरण झालं, पुढचं २०२७ मध्ये. तेव्हा तपासणीला गाडी उभी राहील आणि तिच्या पोटाखाली शाफ्ट दिसेल. नूतनीकरण नाकारलं तर कापलेला फ्लोअर परत मूळ होत नाही. म्हणजे ज्या गाडीला आयुष्य द्यायला निघालो, तिचं आयुष्य आपणच तिथे संपवणार. आणि मधल्या काळात अपघात झाला, तर न कळवलेल्या बदलाचं कारण दाखवून विमा कंपनी दावा अडवू शकते.

हा छंद खरंच करायचा असेल तर वाट आहे : रस्त्यावरून काढून टाकलेली गाडी, रोल केज, खासगी जागा किंवा मान्यताप्राप्त स्पर्धा, आणि तिथपर्यंत ट्रकवर. काकांची स्विफ्ट त्यासाठी नाही.

मग काय केलं?

मित्र दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. त्याने डिफरेंशियल आणि कपलिंग तोवर घेऊन ठेवलं होतं, पावती घेऊन, एवढं बरं. ते आता एका शेडमध्ये टेबलावर आहे. कपलिंगला करंट देऊन ते किती घट्ट होतं, किती तापतं, ते आम्ही रविवारी मोजतो. शिकायला टेबल पुरतं.

चढासाठी आम्ही साध्या गोष्टी केल्या. टायर बघितले तर पुढच्यांची नक्षी २ मिलिमीटरच्या आसपास आली होती. कायद्याची किमान मर्यादा १.६, म्हणजे कायद्याने ठीक, पण चिखलात गुळगुळीतच. चार नवीन टायर घेतले. चढाच्या दोन सगळ्यात वाईट जागी, जिथे पाणी आडवं वाहायचं, तिथे दगड भरून पाण्याला बाजूने वाट करून दिली. कुदळ, फावडं, दोन सकाळी.

जुलैत पाऊस असताना गेलो. सरळ चढवली, अर्ध्यावर चाकं फिरायला लागली. खाली आणली, सगळे उतरलो, पोतं उतरवलं, मित्राने गाडी उलटी केली आणि रिव्हर्समध्ये, अॅक्सिलरेटर न वाढवता, हळूहळू वर नेली. काका छत्री धरून बाजूला उभे होते. वर पोहोचल्यावर म्हणाले, "एवढ्यासाठी गाडी कापणार होतास?"

प्रामाणिकपणे सांगायचं तर ऑगस्टमध्ये एकदा तसंही चढली नाही. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. गाडी खाली ठेवली, चालत गेलो. ऑल-व्हील ड्राइव्ह असतं तर कदाचित चढली असती. पण ऑल-व्हील ड्राइव्ह चढायला मदत करतं, थांबायला नाही. उतरताना त्या चिखलात चारही टायरची पकड तेवढीच, वर वाढलेलं साठ-सत्तर किलो वजन. आणि साचलेल्या पाण्यात तर अजिबातच नाही : इंजिनाने पाणी आत ओढलं की चार चाकं ओढतायत की दोन, ह्याला अर्थ उरत नाही. पावसाळ्यात कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

ज्यांना खरोखर चारही चाकं हवीत त्यांनी कंपनीने तशी बनवलेली गाडी बघा. जुनी जिप्सी, ऑल-व्हील-ड्राइव्हची जुनी डस्टर, नवीनमध्ये जिम्नी किंवा ग्रँड विटाराची ऑलग्रिप. जुनी घेताना चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते आधी बघा, शाफ्टच्या मधल्या बेअरिंगला हात लावून बघा, आणि कोरड्या डांबरावर स्टिअरिंग पूर्ण वळवून एक चक्कर मारा. उचकी लागली तर कपलिंगचं काहीतरी आहे.

पुढच्या भागात त्या टेबलावरच्या कपलिंगचे आकडे घेऊन येतो. तोवर गाडीचे टायर एकदा खाली वाकून बघा. भेटू.